व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’: आईच्या मेसोथेलिओमाचे कारण कागदावर आणताना

आईच्या आजाराचे निदान, त्यानंतरचे उपचार, शस्त्रक्रिया करावी की नाही याची चर्चा, या सगळ्यातून आमचे घर गेले. तरी आजही मनात सर्वांत जास्त चीड आहे ती एका छापील अर्जातल्या एका रकान्याबद्दल. त्या रकान्याचे शीर्षक होते ‘सध्याचा व्यवसाय’. त्यात ‘गृहिणी’ असे लिहिले गेले आणि त्याखालच्या ‘अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला होता काय?’ या प्रश्नापुढे, आईला एक शब्दही न विचारता, ‘लागू नाही’ असे लिहून टाकण्यात आले. ज्या आजाराचे मूळ वीस ते पन्नास वर्षे मागे जाऊन शोधावे लागते, त्या आजाराच्या अर्जात माणूस आज काय करतो एवढेच विचारले जावे, हे मला अजूनही सहन होत नाही. आपल्या घरात हे दुखणे आले असेल तर निदान या एका ठिकाणी तरी कोणी अडकून पडू नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आजाराविषयी. मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण तो फुप्फुसात नव्हे तर अवयवांभोवतीच्या पातळ आवरणात होतो. बहुतेक रुग्णांत ते फुप्फुसाभोवतीचे आवरण असते. काहींत पोटाच्या आतले, आणि क्वचित हृदयाभोवतीचे. अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते कापले, घासले किंवा फोडले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत तरंगतात, श्वासाबरोबर खोलवर जातात आणि त्यांतले काही त्या आवरणापर्यंत पोहोचतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींना लांब तंतू गिळताही येत नाहीत आणि विरघळवताही येत नाहीत. त्यामुळे तिथे वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो आणि पेशींच्या जनुकांची हानी साचत जाते. निळा, तपकिरी आणि पांढरा असे याचे तीन प्रकार व्यवहारात सर्वाधिक वापरले गेले. पांढरा प्रकार शरीरात तुलनेने लवकर झिजतो हे खरे, पण म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार मानवात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहेत.

निदानाचा टप्पा आमच्यासाठी त्या मानाने सरळ गेला. आईला दम लागत होता, छातीच्या उजव्या बाजूला पाणी झाले होते. काढलेल्या पाण्यात कर्कपेशी दिसल्या नाहीत असा अहवाल आला तेव्हा आम्हाला हायसे वाटले, पण छातीच्या डॉक्टरांनी लगेच सांगितले की या आजारात पाण्याच्या तपासणीवर विसंबून चालत नाही, आवरणाचा तुकडाच तपासावा लागतो. दुर्बिणीतून, म्हणजे थोरॅकोस्कोपी करून, तो घेतला गेला. त्यावर विशिष्ट रंगप्रक्रियेच्या चाचण्या झाल्या. पेशींमधल्या ओळखीच्या प्रथिनांपैकी कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ सकारात्मक, टीटीएफ-१ आणि क्लॉडिन-४ नकारात्मक, म्हणजे फुप्फुसातून आवरणात पसरलेला कर्करोग नव्हे तर आवरणाचाच, असा निष्कर्ष निघाला. प्रकार एपिथेलिऑइड होता, जो सार्कोमॅटॉइड आणि मिश्र या प्रकारांच्या मानाने उपचारांना बरा प्रतिसाद देतो. इथेच एक गोष्ट सांगून ठेवते: अहवालाच्या प्रतीवर समाधान मानू नका, तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी मिळतील याची लेखी खात्री करून घ्या, कारण हा आजार ओळखण्यात अनुभवी पॅथॉलॉजिस्टची नजर फार मोलाची असते.

आणि मग तो अर्ज. रुग्णालयातल्या नोंदणीच्या वेळी भरलेला तो कागद पुढे प्रत्येक फाइलमध्ये जसाच्या तसा उतरत गेला. नव्या विभागात गेलो की तिथली व्यक्ती आधीचा कागद पाहून लिहायची, आईकडे पाहून नव्हे. ‘संबंध: लागू नाही’ हे एकदा लिहिले गेले ते लिहिलेच गेले. उलट धूम्रपानाबद्दल मात्र प्रत्येक टेबलावर नव्याने विचारणा होई. आईने आयुष्यात विडीला हात लावलेला नाही, आणि मुख्य म्हणजे धूम्रपानाने मेसोथेलिओमाचा धोका वाढत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आल्यावर जो धोका कितीतरी पटींनी वाढतो तो फुप्फुसाच्या कर्करोगाचा. हा फरक ज्यांना ठाऊक असायलाच हवा, त्यांच्याकडूनही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकताना माझा संयम सुटत असे.

खरी माहिती निघाली ती छातीच्या डॉक्टरांच्या एका साध्या पद्धतीमुळे. त्यांनी ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ हा शब्दच काढला नाही. त्यांनी आईला विचारले, “लग्नानंतर तुम्ही कुठे कुठे राहिलात, आणि प्रत्येक घरात असताना घरातले कोण काय काम करत होते?” आई सांगू लागली. बाबा ऐन तारुण्यात जहाजदुरुस्तीच्या गोदीत होते. इंजिनरूममधल्या वाफेच्या पाइपांवरचे जुने लॅगिंग, म्हणजे उष्णता रोखणारे वेष्टन, फोडून काढायचे आणि नवे बसवायचे, हे त्यांचे काम. संध्याकाळी ते अंगावरच्याच कपड्यांत घरी येत. त्यांचा निळा डगला आणि पँट आई आधी दारात दोन्ही हातांनी धरून झटकायची, खिसे उलटे करून त्यांतली भुकटी काढायची, शिवणीत अडकलेली पांढुरकी धूळ ब्रशने घासायची आणि मगच कपडे पाण्यात घालायची. चाळलेल्या पिठासारखी ती धूळ उन्हाच्या तिरिपीत बराच वेळ तरंगत राहायची, असे आईने सांगितले तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि तिला तेच पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावले.

आपल्या घरच्या माणसाची अशी माहिती काढायची असेल तर हीच पद्धत वापरा. ‘तुमचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला होता का’ या प्रश्नाला दहापैकी नऊ जण नाही म्हणतील, कारण त्यांनी हाताळलेल्या वस्तूला त्यांच्या कामाच्या ठिकाणी त्या नावाने कोणी ओळखतच नव्हते. त्याऐवजी बॉयलर, भट्टी, पाइपांचे लॅगिंग, गॅस्केट, ब्रेकचे लायनर, सिमेंटचे पत्रे कापणे, जुनी बांधकामे पाडणे, यांबद्दल एकेक करून विचारा. घरातल्या इतरांच्या कामाबद्दलही विचारा, आणि आसपास कारखाना किंवा खाण होती का तेही.

ही माहिती घेऊन आम्ही व्यावसायिक आजारांची नोंद करणाऱ्या कार्यालयात गेलो, आणि तिथे गाडी पुरती रुतली. अर्जात मालकाचे नाव, रुग्णाचा हुद्दा आणि नोकरीचा कालावधी हे तिन्ही रकाने सक्तीचे होते. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी मला जे सांगितले ते शब्द माझ्या कानांत अजून आहेत: “ताई, नोकरी कोणाची? वडिलांची. आजार कोणाला? आईला. मग हे जोडायचे कसे? त्या तर घरीच होत्या ना.” बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. आजार आपण घरात आणला ही टोचणी त्यांना आधीच झोपू देत नव्हती, आणि त्या खिडकीवर ती टोचणी त्यांच्या तोंडावर मांडली गेली. फक्त नोंद मात्र होणार नव्हती. मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते की धुळीचा धोका ज्यांनी कामगारांपासून लपवला किंवा सांगण्याची तसदी घेतली नाही, दोष त्यांचा आहे. कपडे घरी घेऊन येणाऱ्या माणसाचा नाही.

अर्ज परत आला, पुन्हा दिला, पुन्हा परत आला. कधी मूळ प्रत हवी होती, कधी बंद पडलेल्या गोदीचा दाखला हवा होता, कधी फुप्फुसात तंतू सापडल्याचा पुरावा मागितला गेला. या शेवटच्या मागणीवर मी हटून बसले, कारण तोवर माझे वाचन झाले होते. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले 33 रुग्ण वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी 1960 साली नोंदवले. त्यांत खाणकामगार होते, तसेच नुसते त्या भागात राहणारे, लहानपणी खाणींच्या आसपास वावरलेले लोकही होते. 1965 साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्प्सन यांनी केलेल्या अभ्यासात तर अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या घरातले नऊ रुग्ण होते, आणि त्यांत सर्वांत ठळक दिसणारी गोष्ट म्हणजे नवऱ्याचे कामाचे कपडे धुणारी बायको. म्हणजे आमच्या घरात आई ते कपडे झटकत होती त्याच्या आधीपासून हे छापून आलेले होते, आणि तरीही मला एका खिडकीवर ते नव्याने सिद्ध करावे लागत होते.

शेवटी उपयोगी पडले ते हेलसिंकी निकष. एखाद्याच्या आजारामागे अ‍ॅस्बेस्टॉस आहे का हे ठरवण्यासाठी 1997 साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवलेले हे निकष पुढे 2014 मध्ये अद्ययावत झाले. त्यांत म्हटले आहे की मेसोथेलिओमाच्या बाबतीत अल्पकाळ किंवा कमी प्रमाणात आलेला कामाच्या ठिकाणचा संबंधही कारण मानायला पुरेसा आहे, पहिल्या संबंधापासून किमान दहा वर्षे गेलेली असावीत, आणि फुप्फुसातल्या तंतूंसारखी खूण सापडली नाही तरी कामावरचा, घरातला किंवा परिसरातला लक्षणीय संबंध दाखवणारा इतिहास पुरेसा ठरतो. ‘घरातला’ या शब्दाखाली रेघ मारून ते पान मी अर्जाला जोडले. सोबत छातीच्या डॉक्टरांचे सविस्तर पत्र, बाबांचे प्रतिज्ञापत्र, त्यांच्याबरोबर त्याच इंजिनरूममध्ये काम केलेल्या एका काकांचे निवेदन आणि भविष्यनिर्वाह निधीची जीर्ण झालेली पावती. या पावतीवर गोदीचे नाव स्पष्ट होते. कारखाना बंद पडला तरी निधी, विमा, युनियन यांचे कागद कुठेतरी जिवंत असतात. दाखल्यामागे धावण्याआधी ते शोधा.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र अनपेक्षितपणे बाबांच्या छातीतच निघाला. डॉक्टरांनी त्यांचे स्कॅन करायला सांगितले, आणि त्यात दोन्ही बाजूंच्या आवरणावर कॅल्शियम साचलेले जाड चट्टे दिसले. हे चट्टे स्वतः कर्करोग नव्हेत आणि बाबांना त्यांचा काही त्रासही नाही, पण दोन्ही बाजूंना असे चट्टे असणे ही अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या संबंधाची ओळखीची खूण आहे. त्यांच्या कपड्यांवर काय होते, याचे उत्तर आता चित्रासह फाइलमध्ये होते. त्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतः कागद वाचले, सक्तीच्या रकान्यांत ‘पतीच्या कामामुळे घरगुती संबंध’ असे लिहायला परवानगी दिली आणि नोंद झाली. शिक्का बसलेली प्रत हातात आली तेव्हा मला वाटलेला अभिमान मी लपवत नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीच्या औषधांची जोडी 2004 पासून रूढ आहे. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांसाठी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही प्रतिकारशक्तीवर काम करणारी जोडी 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. मोठ्या शस्त्रक्रियेचा आग्रह कोणी धरला तर मार्स-२ या, शस्त्रक्रियेचा उपयोग रुग्णांवर पडताळून पाहणाऱ्या अभ्यासाबद्दल जरूर विचारा. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत केमोथेरपीला शस्त्रक्रियेची जोड दिल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, उलट गंभीर गुंतागुंत वाढली. आईच्या बाबतीत आम्ही शस्त्रक्रिया टाळली. तिला सर्वांत जास्त आराम मिळाला तो छातीत बसवलेल्या बारीक नळीने, कारण पाणी साचले की घरच्या घरी काढता येते आणि दम आटोक्यात राहतो. वेदना आणि दम यांसाठी उपशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच महिन्यात भेटा, शेवटाची वाट पाहू नका.

आणखी एक, जे आधीच लिहायला हवे होते. आईच्या गाठीत बीएपी-१ हे, पेशींना कर्करोगापासून राखणारे प्रथिन नाहीसे झालेले होते. बहुतेक वेळा हा बदल गाठीपुरताच असतो, पण काही कुटुंबांत तो जन्मजात असतो आणि मग इतर कर्करोगांचाही धोका राहतो, म्हणून जनुकीय सल्ला घ्यावा असे आम्हाला सांगण्यात आले. तो आम्ही घेतला. शिवाय ती धूळ ज्या घरात झटकली जात होती त्याच घरात मी आणि माझा भाऊ रांगत होतो. या आजारासाठी जीव वाचवणारी अशी कोणतीही नियमित चाळणी-तपासणी सिद्ध झालेली नाही, त्यामुळे दरवर्षी स्कॅन करण्यात अर्थ नाही. आम्ही दोघांनी एवढेच केले, की आपापल्या डॉक्टरांकडे जाऊन ‘बालपणी घरात अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशी संबंध’ ही ओळ फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेतली, म्हणजे पुढे कधी विनाकारण दम लागला किंवा छातीत पाणी झाले तर बघणाऱ्याला ती आधी दिसेल.