तुम्ही विचारलंत म्हणून: ओरडणाऱ्याला सोडून गप्प पडलेल्याकडे का जाता?

महापालिकेच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे असं सांगितलं की बिल्डिंगमधल्या बायका काय, लेडीज डब्यातला ग्रुप काय, सगळ्यांचा एकच प्रश्न. आमचा माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता, पायातून रक्त येत होतं, आणि तुमचे डॉक्टर त्याला सोडून बाजूच्या गप्प पडलेल्याकडे पळाले, हे काय?

अहो, तो ओरडत होता म्हणूनच. ओरडायला श्वासनळी मोकळी लागते, छातीत हवा भरावी लागते आणि मेंदूला थोडंतरी रक्त पोचावं लागतं, म्हणजे एकदा "आई गंऽ" म्हणून बोंब ठोकली की आमच्या तीन शंका तेवढ्यापुरत्या मिटल्या. बाजूचा बहुतेक घोरत असणार. नातेवाईकांना वाटतं दमून झोपलाय, पण डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला माणूस घोरतो तेव्हा त्याची जीभ मागे पडून नळी बंद होत असते, काही मिनिटांचा मामला असतो तो. जबडा पुढे उचला, सक्शन घ्या म्हणजे तोंडातलं रक्त-लाळ मशीनने ओढून काढा, आणि हे सगळं मान न हलवता, कारण मणक्याचं काय झालंय ते अजून कोणालाच माहीत नसतं. रक्त धो धो उडत असेल तर मात्र आधी ते थांबवायचं, तिथे नळीसुद्धा मागे. आणि तुमच्या माणसाच्या पायावर वॉर्डबॉय मामा गॉज दाबून उभे होते ते तुम्ही बघितलंत का? नाही ना, ते कोणीच बघत नाही.

आधी नळी, मग श्वास, मग रक्त, मग मेंदू, मग कपडे कापून अख्खं अंग बघायचं. (कपड्यांवरून भांडणं होतात, नवी जीन्स होती म्हणे.) हा क्रम आमच्या मनाचा नाही. 1976 साली अमेरिकेत, नेब्रास्कात, जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचं विमान शेतात कोसळलं, स्वतःच चालवत होते, बायको जागीच गेली, चार मुलं जखमी, आणि जवळच्या छोट्या हॉस्पिटलात गेले तर आधी काय करायचं तेच तिथे कोणाला सुचेना. त्यातून 1978 मध्ये तिथे पहिला कोर्स झाला, 1980 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो आपल्याकडे घेतला, तोच आजचा एटीएलएस, म्हणजे ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट, जखमींना आधी कसं सांभाळायचं त्याचा कोर्स. आता भारतातही होतो. त्याच्या परीक्षेत पेशंट खोटा असतो, कोणीतरी धडधाकट माणूस झोपवतात, मेकअप करून पायाची अशी काही भयानक जखम रंगवतात की नजर तिथेच जावी, आणि गोम ठेवलेली असते छातीत. पायाकडे धावलात की गेलात! मला विचाराल तर अख्ख्या ट्रेनिंगमध्ये हीच गोष्ट सगळ्यात शहाणपणाची आहे, बाकी पुस्तकात मिळतं.

मुंबईत तर हे रोजचंच, लोकलमधून पडलेले, रूळ ओलांडताना उडालेले, आणि त्यातला मला सगळ्यात जास्त धास्ती वाटणारा पेशंट म्हणजे कंबरेचं हाड मोडलेला. बाहेर रक्ताचा थेंब नाही, आत मात्र लिटर दोन लिटर साठतंय. तो ओरडत नाही, पांढराफटक पडतो, हातपाय गार, चुळबुळ करत नुसतं पाणी मागतो. अशा वेळी चादर कामाला येते, आपली साधी हॉस्पिटलचा शिक्का मारलेली चादर. लांब घडी करायची, खालून सरकवायची, पोटावर नाही तर मांडीचं हाड बाजूला जिथे हाताला लागतं बरोब्बर त्या पातळीला, आणि दोघींनी दोन बाजूंनी ओढून गच्च आवळायची, गुडघेही एकत्र बांधायचे. त्याने आतली जागा आवळली जाते, रक्त कमी साठतं, ऑपरेशन थिएटर मिळेपर्यंत वेळ मिळतो. मे महिन्यात वर ब्लँकेटही घालतो, लोक हसतात, पण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही.

मग ट्रॅनेक्सामिक ॲसिड, स्वस्तातलं इंजेक्शन. 20 हजारांवर जखमींवरची एक मोठी चाचणी 2010 मध्ये छापून आली, रक्तस्रावाने होणारे मृत्यू त्याने कमी होतात हे तिथे दिसलं, आणि पुढच्या वर्षी त्याच आकड्यांतून हेही निघालं की द्यायचं तर मार लागल्यापासून 3 तासांच्या आत, उशिरा दिलं तर उलटंही पडू शकतं. आता मला सांगा, बेशुद्ध माणसाला किती वाजता लागलं हे मी कोणाला विचारू? आणणारा दारात ठेवून पसार झालेला असतो, पोलिसांचं झंझट नको म्हणून. अहो, मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीत 134अ कलम आलंय, रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, आणि उपचार तर पोलिसांची वाट न बघता सुरू करायचे हे सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय.

तेव्हा दोन मिनिटं थांबा. किती वाजता झालं, कसा पडला, डोकं आपटलं का, मध्ये शुद्धीवर होता का, एवढं सांगा आणि खुशाल जा. नातेवाईक असाल तर गोळ्या कुठल्या चालू आहेत तेही, रक्त पातळ करायची असेल तर आधी तीच. आणि सिस्टर शेवटी "जेवला कधी?" विचारते तेव्हा चिडू नका, परवा एक काका म्हणाले तुम्हाला जेवणाचं काय पडलंय. भूल देताना पोट भरलेलं असलं तर ते उलटून छातीत जातं काका, आणि वाटेत तुम्ही त्याला बरं वाटावं म्हणून पाजलेलं लिंबूपाणीही त्यातच धरायचं.