चिपरच्या पात्यांना घरीच धार

परदेशात घराभोवती झाडे असली की छाटलेल्या फांद्यांची विल्हेवाट बऱ्याचदा आपल्यालाच लावावी लागते आणि त्यासाठी वुड चिपर नावाचे यंत्र काही घरांत असते. त्यात वेगाने फिरणाऱ्या जड तबकडीवर किंवा पिंपावर पाती बसवलेली असतात आणि समोरच्या स्थिर पात्याशी गाठ पडताच फांदीच्या ढलप्या उडतात. धार गेली की यंत्र ते लगेच दाखवते: फांदी आपोआप आत ओढली जात नाही, ती ढकलावी लागते, आणि बाहेर स्वच्छ कापलेल्या ढलप्यांऐवजी चिंध्या झालेले तंतू व भुसा पडू लागतो. ही धार घरी नीट लावता येते, असे माझे ठाम मत आहे. मात्र ती तीक्ष्ण करण्यापेक्षा सर्व पाती सारखी ठेवणे आणि पोलाद थंड ठेवणे यांतच खरे कौशल्य आहे.

इंजिन बंद केल्यावरही तबकडी बराच वेळ फिरत राहते, म्हणून ती पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. त्यानंतर स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी, विजेवरचे यंत्र असल्यास प्लग उपसावा, तबकडी खिळीने अडकवावी आणि जाड हातमोजे घालूनच बोल्ट सोडवावेत, कारण बोथट वाटणारे पातेही बोट कापायला पुरेसे असते. काही पात्यांना दोन्ही कडांना धार असते. तसे असेल तर पाते उलटून बसवले की या खेपेचे काम तेवढ्यावरच भागते.

पात्याची एक बाजू सपाट आणि दुसरी उतरती असते. घासायची ती उतरती बाजू, तीही कारखान्याने दिलेल्या कोनातच. हा कोन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो. तो कमी केल्यास कापणी सुरेख होते, पण पहिल्याच कठीण गाठीवर धारेचे टवके उडतात. उतारावर मार्कर पेनने शाई फासून एकदा हलके घासावे. शाई जिथून गेली तिथेच दगड टेकतो आहे, हे दिसते आणि कोन जुळला की नाही ते कळते. अँगल ग्राइंडर नुसता हाताने धरून हे काम उरकणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही, कारण कोन डगमगतो आणि पाते तापते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला धारेवर निळी झाक येते आणि तेवढ्या भागातले पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा कठीणपणा जातो. मग ती धार दिसायला कितीही छान असली तरी टिकत नाही. पाते शिकंज्यात पक्के धरून हलक्या हाताने घासावे आणि बोटाला गरम लागण्याआधीच ते पाण्यात बुडवावे. शेवटी सपाट बाजूला वळून आलेली धातूची बारीक कड ओल्या दगडावर पाते अगदी आडवे ठेवून काढावी.

एका पात्याला खोल खाच पडली असेल, तर तिच्यासाठी जेवढे पोलाद काढले तेवढेच जोडीच्या पात्यातूनही काढावे लागते. मिनिटाला हजारहून अधिक फेरे घेणाऱ्या तबकडीवर वजनाचा थोडा फरकही हादरे निर्माण करतो आणि बेअरिंगांचे आयुष्य खातो. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही पाती तोलून पाहणे हा अतिरेक नव्हे.

परत बसवताना पात्याखालची जागा राळ आणि भुसा खरवडून साफ करावी, बोल्ट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) माहितीपुस्तिकेतील आकड्याएवढे आवळावेत आणि फिरत्या व स्थिर पात्यांमधील फट मोजावी. घासल्यामुळे पात्याची रुंदी कमी होऊन ही फट वाढलेली असते, आणि ती पूर्ववत केली नाही तर नवी धारही सालीच्या चिंध्याच करते. बोल्टांची भोके धारेच्या फार जवळ आली असतील, तर पाते बदलणेच योग्य. तबकडी आधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना हे पाहावे, थोडा वेळ यंत्र चालवावे, आणि ते बंद करून बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.