थेरपीत स्ट्रॉ कशाला?

थेरपीला जाते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, नुसतं बोलायचे पैसे घेतात? आणि मग लगेच, अगं मग आमच्याशी बोल की, आम्ही काय मेलोय का. प्रेमानेच म्हणतात, तक्रार नाही. पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका बारीकशा स्ट्रॉचा, म्हणून हे लिहितेय.

मला पॅनिक अटॅक यायचे, बहुतेक लोकलमध्येच. दादर गेलं की छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं आणि डोक्यात एकच, आता हार्ट अटॅक येणार आणि या गर्दीत कुणाला कळणार पण नाही. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल (हे सगळं आधी तपासून घ्याच). घरच्यांचं निदान ॲसिडिटी, आपल्याकडे कशालाही ॲसिडिटी म्हणता येतं.

थेरपिस्ट मॅडमनी लहानपण वगैरे थोडंफार विचारलं, पण जास्त वेळ गेला एका कोऱ्या कागदावर. आधी काय झालं, मग मनात काय आलं, मग अंगात काय झालं, असं बाण काढत लिहायचं, आणि शेवटचा बाण फिरून पहिल्यालाच येऊन भिडला. धडधडतंय, म्हणजे अटॅक आला, म्हणून घाबरले, घाबरले म्हणून अजून धडधडतंय. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं हेच चक्र मांडलं, की शरीरातल्या साध्या हालचालीचा आपण भलताच भयंकर अर्थ लावतो. मुंग्यांचं कारण तर अगदीच साधं निघालं, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर.

आणि मग तो स्ट्रॉ. नाक चिमटीत धरून फक्त त्यातून श्वास घ्यायचा, मग जागच्या जागी पळायचं, मग फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं. म्हणजे ज्या गोष्टीला घाबरते तीच मुद्दाम अंगात आणायची आणि काहीएक न करता थांबायचं. आधी लिहून घेतलं होतं, "मी बेशुद्ध पडणार". पडले नाही, फक्त घामाने काजळ गालावर आलं. (दमा, हृदयाचा त्रास, प्रेग्नन्सी असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, आणि कुणालाच घरी एकटं नाही.)

त्यानंतर लोकलमधल्या माझ्या टेकूंवर गदा आली, म्हणजे हातातली पाण्याची बाटली, दाराजवळचीच जागा, नवऱ्याला सतत मेसेज. हे सगळं एकेक करून सोडायचं, कारण बाटली हातात असली की मन म्हणतं बाटलीमुळेच वाचलीस. हे मात्र फार जड गेलं, स्ट्रॉपेक्षा कितीतरी जास्त.

सगळ्यांची थेरपी अशी नसते हां. जवळचं कुणी गेलं असेल तर तिथे बोलणं आणि रडणं हेच काम असतं, ओसीडीला (तेच तेच विचार, तीच तीच कृती) वेगळी पद्धत, नवराबायकोच्या भांडणाला वेगळी. औषधं लागली तर ती सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर देणार, सायकॉलॉजिस्ट देत नाहीत, आणि बऱ्याच जणांना दोन्ही लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का हे बिनधास्त विचारा, चांगला माणूस रागवत नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.