रविवार संध्याकाळ, पण उद्या सुट्टी

लाँग वीकेंड म्हणजे तीन दिवस सुट्टी असं सगळे म्हणतात, पण माझा हिशोब जरा वेगळा आहे. शनिवार आपला नसतोच मुळी, तो घराचा. आणि नेहमीच्या रविवारचं काय होतं, तर दुपारची झोप होते, साडेपाच वाजतात आणि पोटात बारीकसा खड्डा पडायला लागतो, उद्याचे कपडे, उद्याचा गजर, उद्याची ती मीटिंग, म्हणजे सुट्टी अजून चालूच असते आणि आपण मनाने ऑफिसात पोचून खुर्ची पण ओढलेली असते. सोमवारी सुट्टी असली की हा खड्डा पडत नाही. जास्तीचा दिवस वगैरे ठीकच आहे, पण खरी कमाई ही रविवारची संध्याकाळ.

तर शनिवारी पंखे काढले पुसायला. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा आणि दोन्ही बाजूंनी दाबून ओढत आणायचा, सगळी धूळ अभ्र्याच्या आत, पलंगावर कणसुद्धा पडत नाही. ही युक्ती कळल्यापासून मला पंखे पुसायला चक्क आवडतं. एक झाला, मग तिन्ही झाले, मग फ्रिजच्या दाराचं रबर (त्याच्या घड्यांमधे काय निघालं ते विचारू नका), मग माळा. १९२६ साली हेन्री फोर्डने त्याच्या कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा सुरू केला तेव्हा त्याचा एक हिशोब होता की लोकांना मोकळा वेळ मिळाला तर ते हिंडतील फिरतील, खरेदी करतील. स्टुलावर चढून अभ्रा ओढत बसतील हे काही त्याच्या डोक्यात नसावं.

नवऱ्याने तेवढ्यात सायकलची चेन साफ करायला घेतली. इतकी वर्षं तो चेनवर भरपूर तेल ओतून चकचकीत दिसली की खूश व्हायचा, आणि आठवड्यात ती काळीकुट्ट. आता कुठूनतरी शिकून आलाय की तेल आतल्या रोलरमधे मुरलं पाहिजे, बाहेर राहिलेलं फडक्याने पुसून टाकायचं नाहीतर तेच धूळ धरून ठेवतं. हे त्याने आम्हाला प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगितलं. बाबांना दोनदा.

माळ्यावर चढलेला माणूस लवकर खाली येत नाही, कारण तो तिथे आवरत नसतो, जुन्या वह्या वाचत असतो. मी उतरले ती जिगसॉ पझलचं खोकं घेऊनच. हजार तुकडे. डायनिंग टेबलावर ओतलं आणि शनिवार तिथेच संपला.

मग रविवार. आमच्या घरात पझल लावायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. लेक रंगाने लावते, बाबा आकाराने. बाबांनी सगळे तुकडे कान असलेले, खाच असलेले असे ढीग करून ठेवले आणि लेकीने त्यातले निळे उचलून नेले. "आजोबा, आकाश एका ठिकाणी पाहिजे ना!" "अगं पण माझे ढीग मोडलेस तू." मी मधे पडले नाही, मी क्रोशाचं घेऊन बसले होते, तीन वर्षं झाली त्या शालीला, प्रत्येक वेळी आधी चार ओळी उसवते आणि पाच विणते.

चौकट लागल्यावर बाबांनी कडेचे तुकडे मोजले. ते कशाचंही मोजतात. आडवे ३८, उभे २७. मग म्हणाले, अगं हे १०२६ होतात, हजार कुठे आहेत? लेक म्हणाली ४० गुणिले २५ केलं असतं तर बरोब्बर हजार झाले असते की. मग दोघांनी कागदावर चौकोन काढून पाहिलं, तुकडे साधारण चौरस ठेवायचे तर ४० बाय २५ मधे चित्र फारच लांबुळकं होतं, म्हणून यांनी २६ जास्त घातले असणार. आधी बाबांना फसवल्यासारखं वाटत होतं, आता २६ तुकडे फुकट आले म्हणून खूश. आणि ह्या भानगडीत ढिगांचं भांडण दोघंही विसरले.

वर पाहिलं तर पावणेसात वाजलेले! साडेपाच कधी होऊन गेले कळलंच नाही. खड्डा नाही, काही नाही. नवरा म्हणाला गजर लावू का, मी म्हटलं कशाला. हे "कशाला" म्हणायला मिळालं ना, त्यासाठी मी अजून दहा पंखे पुसेन.

सोमवारचं फार सांगण्यासारखं नाही. इस्त्री झाली, शालीच्या चार ओळी उसवल्या. आणि बरोबर साडेपाचला खड्डा हजर, तो काही रद्द होत नाही, एक दिवस पुढे सरकतो इतकंच.

आकाशाचे साठेक तुकडे अजून लागायचेत. सगळे सारखेच निळे, त्यामुळे लेकीची पद्धत बंद पडलीय आणि बाबा एकेका तुकड्याचे कान तपासत बसलेत. टेबल आवरायचं नाही असं दोघांनी बजावलंय. आज बुधवार, आम्ही अजून खाली बसूनच जेवतोय.