फक्त अंगावरचे दूध, आणि सहा महिन्यांनंतरचा घास

आई एचआयव्हीबाधित असेल तर तिने बाळाला अंगावर पाजावे का, हा प्रश्न मला बाळंतिणींच्या आहाराविषयी बोलताना आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत आजीपेक्षा शिकलेले नातेवाईकच अधिक असतात. त्यांचा हिशेब सरळ असतो: दुधातून विषाणू जातो, तेव्हा डब्याचे दूध बरे. या हिशेबात बाळाचे आतडे मात्र कुठेच नसते.

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे ॲना कौत्सूदिस, हूसेन कुवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हा हिशेब प्रथम विस्कटला. (कुवाडिया यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले होते.) तीन महिन्यांच्या वयापर्यंत, अंगावर अजिबात न पाजलेल्या बाळांपैकी अंदाजे 18.8 टक्के बाळांना लागण झालेली होती; त्यांत गर्भात आणि प्रसूतीच्या वेळी झालेली लागणही आलीच. अंगावरच्या दुधाबरोबर पाणी, वरचे दूध किंवा पेज मिळालेल्या बाळांत हे प्रमाण 24.1 टक्के होते, तर निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांत ते 14.6 टक्के होते. पुढे 2007 मध्ये त्याच देशाच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातील मोठ्या अभ्यासात असे दिसले की, दुधाबरोबर घन आहार लवकर सुरू झालेल्या बाळांना लागणीचा धोका केवळ दूध पिणाऱ्यांच्या जवळजवळ अकरापट होता. म्हणजे विषाणू दुधात असूनही, धोका वाढवण्यात दुधाच्या जोडीला दिलेल्या वस्तूंचा वाटा मोठा होता.

याचे कारण आतड्याच्या अस्तरात शोधले जाते. नवजात बाळाचे अस्तर अजून घट्ट झालेले नसते. अशा वेळी अस्वच्छ पाणी किंवा परके प्रथिन पोटात गेले की तेथे दाह होतो आणि रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात. विषाणूला नेमक्या त्याच पेशी हव्या असतात. उलट आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचवता येत नाहीत. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियम गटातील जिवाणूंसाठी, आणि हे जिवाणू आतड्यात आम्लता राखून उपद्रवी जिवाणूंना फार जागा मिळू देत नाहीत. झांबियातील लुसाका येथे ज्या मातांच्या दुधात या शर्करांचे प्रमाण अधिक होते, त्यांच्या बाळांना दुधातून लागण होण्याचे प्रमाण कमी आढळले.

मला अधिक विचार करायला लावणारा अभ्यास हैतीतील आहे. पोर्ट-ओ-प्रिन्स येथे झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात बाधित मातांची, पण स्वतः बाधित नसलेली बाळे तपासली गेली. बाधित आणि बाधित नसलेल्या मातांच्या जिवाणूंत विशेष फरक नव्हता; बाळांच्या आतड्यातील जिवाणूंत मात्र तो होता, आणि दुधातील शर्करांची घडणही वेगळी होती. बाळाची एचआयव्ही तपासणी ‘निगेटिव्ह’ आली की आपण सुटकेचा श्वास टाकतो, परंतु ही बाळे इतर बाळांपेक्षा अधिक आजारी पडतात आणि त्यांची वाढही मागे राहते, हे आफ्रिकेत वारंवार दिसले आहे. त्या फरकाचा काही भाग आतड्यातून येत असावा, असे मला वाटते.

डब्याच्या दुधाचा धोका आफ्रिकेतील बोत्सवाना देशात दिसून आला. तेथील चाचणीत सात महिन्यांपर्यंत डब्याच्या दुधावरील बाळांचा मृत्युदर 9.3 टक्के होता, तर अंगावर पिणाऱ्या आणि त्याबरोबर प्रतिबंधक औषध घेणाऱ्या बाळांचा 4.9 टक्के. 2006 च्या अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली तेव्हाही झळ मुख्यतः डब्याच्या दुधावरच्या बाळांना लागली.

आज औषधांनी चित्र पालटले आहे. आई एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी औषधे, नियमित घेत असेल आणि विषाणूचे प्रमाण आटोक्यात असेल, तर दुधातून लागण होण्याची शक्यता फार कमी होते. स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन हे विषाणूरोधक औषध देऊन पाहणाऱ्या चाचणीत पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयही सहभागी होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये असेही स्पष्ट केले की, औषध चालू असताना थोडे वरचे अन्न गेले म्हणून स्तनपान थांबवू नये. तरीही पहिले सहा महिने फक्त दूध, हा सल्ला कायम आहे, आणि आपल्याकडे तो नेमका बाळगुटीपाशी अडतो. सहाणेवर उगाळलेले वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, वर मधाचे बोट: घरातील कोणालाही हे ‘वरचे अन्न’ वाटतच नाही. म्हणून आईला नव्हे, तर गुटी उगाळणाऱ्या बाईला समोर बसवून बोलावे, असे माझे मत झाले आहे.

सहा महिन्यांनंतर प्रश्न उलटा होतो. झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागातील ‘शाइन’ चाचणीत बाधित मातांच्या बाळांना पूरक आहाराचा सल्ला आणि रोज थोडे पोषक वाटण दिल्यावर, दीड वर्षाच्या वयातील खुजेपणा सुमारे 50 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आला. शौचालय आणि हात धुण्याच्या सोयींचा वाढीवर तसा परिणाम दिसला नाही. ज्या बाळाला सहा महिने कटाक्षाने काही दिले नाही, त्यालाच आता डाळ, अंडे, शेंगदाण्याचा कूट, तूप वेळेवर मिळायला हवे. पातळ पेजेवर वर्ष काढणे परवडणारे नाही.

आईच्या ताटाविषयी मात्र मी मोठी आश्वासने देत नाही. दुधातील त्या शर्करा बहुतांशी आनुवंशिकतेने ठरतात. अळीव किंवा डिंकाच्या लाडवांनी त्या फारशा बदलत नाहीत. पण स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागतात, आणि त्या ताटातून आल्या नाहीत तर तिच्याच शरीरातून जातात. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेल्या भाकरीवर ही भर निघत नाही.