साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि ६७ मिमीचा कूलर

१५ मार्च

माझ्या छोट्या कॉम्प्युटरसाठीचा एएमडीचा प्रोसेसर, राईझन ९ ७९००एक्स, शेवटी घरी पोचला. कोल्हापूरच्या मित्राने नवीन काहीतरी घेतलं, म्हणून त्याचा जुना मला मिळाला. रविवारच्या बसने स्वतः जाऊन आणला, कुरियरवर सोडवेना. बारा कोर, चोवीस थ्रेड आणि टीडीपी, म्हणजे कंपनीने उष्णतेसाठी छापलेला आकडा, १७० वॅट. हा १७० जसाच्या तसा धरायचा नसतो हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊकच आहे. नव्यांसाठी सांगतो: एएम५ वर, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटवर, टीडीपीला साधारण १.३५ ने गुणलं की पीपीटी निघतो, म्हणजे सॉकेटमधून प्रोसेसर जास्तीत जास्त किती ओढेल तो आकडा. १७० चे २३०, १०५ चे १४२, ६५ चे ८८. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड लावून या खालच्या दोन पायऱ्यांवर उतरता येतं. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे सारखे येणार आहेत.

केस, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, तीच, फ्रॅक्टल डिझाईनची टेरा. १०.४ लिटर. आईचा तांदळाचा डबा याहून मोठा आहे. एका अंगाला मदरबोर्ड, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड आणि मधे सरकणारा कणा. कणा कार्डाकडे ढकलला की कूलरला जागा वाढते, कूलरकडे ढकलला की कार्डाला. कूलरची उंची ४८ ते ७७ मिमीच्या मधे कुठेही. माझं कार्ड दोन स्लॉटचं, त्यामुळे ७७ पूर्ण माझ्या वाट्याला.

१६ मार्च

जुना कूलर थर्मलराईटचा एएक्सपी९०-एक्स४७. उंची ४७ मिमी, त्यात ३२ चा हीटसिंक, म्हणजे धातूच्या पात्यांचा गठ्ठा, आणि वर १५ चा पंखा. राईझन ५ ७६०० त्याने दोन वर्षं बिनबोभाट सांभाळला. म्हटलं, नवा घ्यायच्या आधी यालाच विचारून बघू.

खोलीत ३१ अंश. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी, दहा मिनिटांची फेरी. चौथ्या-पाचव्या सेकंदाला ९५ अंश. ९५ ही या प्रोसेसरला नेमून दिलेली हद्द. तिथे पोचला म्हणून तो जळत नाही, वॅट कमी करत करत तिथेच टिकून राहतो. माझा २३० वरून उतरत ११० वर येऊन बसला. ३१ ते ९५ म्हणजे ६४ अंशांची चढण, भागिले ११०. वॅटमागे ०.५८ अंश.

हा भागाकार मी आता प्रत्येक कूलरला करतो. ‘९५ ला गेला, कूलर भंगार’ असं म्हणण्यात काही राम नाही. मोकळा सोडला तर हा प्रोसेसर भल्याभल्या कूलरखाली ९५ ला जातो. ९५ वर किती वॅट झेपले आणि तेव्हा खोलीत किती अंश होते, एवढंच बघायचं. बेळगावात जानेवारीच्या पहाटे घेतलेलं माप आणि एप्रिलच्या दुपारचं माप शेजारी शेजारी मांडलेलं असेल तर तो तक्ता फाडून टाकावा.

८८ वॅटवर ८२ अंश आले, पण पंखा पूर्ण वेगात. ९२ मिमीचा पंखा त्या वेगात किंचाळतो. दिवसा त्याचं काही नाही, आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो आणि भिंतीपलीकडे मामांचे चार यंत्रमाग आहेत. रात्री नऊला माग थांबले की मात्र हा एकटाच ऐकू येतो.

२३ मार्च

आठवडाभर नुसती चाळवाचाळव. मित्र म्हणाला, त्याच कूलरचा अख्ख्या तांब्याचा अवतार घे. तांब्यातून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त वेगाने वाहते हे खरं. पण ती शेवटी हवेला द्यायची आहे, आणि तांबं झालं म्हणून पात्यांचं क्षेत्रफळ वाढत नाही की पंखा मोठा होत नाही. दोन-चार अंशांसाठी एवढं वजन उभ्या बोर्डावर टांगायला मन होईना.

पाण्याने थंड करायचा विचारही आला. लियान लीची ए४-एच२ओ ११ लिटरची आहे आणि तिच्यात २४० मिमीचा रेडिएटर बसतो. जीव वळवळला खरा. पण केस विकायची, पंपाची गुणगुण ऐकायची... सोडून दिलं.

उरले दोन. नॉक्टुआचा एनएच-एल१२एस, ७० मिमी, पंखा पात्यांच्या खाली. आणि थर्मलराईटचा एएक्सपी१२०-एक्स६७, ६७ मिमी, उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या सहा नळ्या (हीटपाईप), १२० चा सडपातळ पंखा वर. नॉक्टुआ शांत असतो यात वाद नाही, किंमत बघून मीही शांत झालो. दुसरा मागवला.

२ एप्रिल

बसवताना दीड तास गेला. एका दिशेने लावला तर आयओच्या टोपीला, म्हणजे बोर्डावरच्या मागच्या पोर्टांच्या झाकणाला, टेकतो, उलटा फिरवला तर रॅमवरच्या पत्र्यांच्या शिंगांना. शेवटी ते पत्रे हेअर ड्रायरने गरम करून काढले. घरात विचारणा झाली, की दुपारी तीन वाजता केस कुणाचे वाळवताय.

एक बरं, एएम५ ला कूलरचे स्क्रू धरणारी बोर्डामागची पट्टी सॉकेटलाच धरून असते, आधीच्या एएम४ सारखी स्क्रू काढल्यावर खाली पडत नाही. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची पेस्ट एमएक्स-४. या प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचे आहेत, त्यात जरा पेस्ट शिरली. वीजवाहक नाही, म्हणून तशीच ठेवली.

१४२ वॅट लावले आणि फेरी सुरू केली. सहाव्या मिनिटाला ९५, मग वॅट उतरून १३३. खोली ३१. म्हणजे वॅटमागे ०.४८. एवढा खर्च करून एवढंच?

बाजूचा पॅनल उघडला. पाच मिनिटांत ८८ अंश, वॅट पुन्हा १४२.

पॅनल तर जाळीदार आहे, मग अडतं कुठे? केसला जागा ७७, कूलर ६७, म्हणजे पंखा आणि पॅनल यांच्यात १० मिमीची फट. मामांकडून रेशमाचा एक धागा आणला, चिमटीत धरून वरच्या भोकातून त्या फटीत सोडला आणि टॉर्च मारली. धाग्याने पॅनलकडून आत झुकायला हवं होतं. तो झुकला आडवा, पात्यांच्या बाजूने पंख्याकडे. खालून तापून बाहेर पडलेली हवाच वळसा घेऊन पुन्हा पंख्याच्या तोंडात जात होती. बाहेरच्या गार हवेला जाळीतून यायला लागतो जोर, ही गरम हवा मात्र शेजारीच उभी. पंख्याला काय, जे जवळ ते खाणार.

५ एप्रिल

शहापुरातल्या दुकानाचं साडीचं खोकं कपाटावर होतं. जाड, कडक पुठ्ठा. त्याच्या १० मिमीच्या चार पट्ट्या कापून पंख्याच्या चौकटीभोवती चौकोनी कुंपण केलं, कोपऱ्यांना कागदी टेप. हेतू एवढाच, की पंख्याने फक्त पॅनलच्या जाळीतूनच ओढावं, बाजूने नाही.

पहिल्यांदा ११ मिमीच्या कापल्या गेल्या. पॅनल बसला, पण पुठ्ठा पंख्यावर दाबला जाऊन एक घूं घूं सुरू झाली. काचकागदावर घासून घासून १० च्या जरा आत आणल्या. मामा दारात येऊन बघत होते. “एवढ्याशा डब्यात काय शिजवालास रे?”

“शिजू नये म्हणूनच चाललंय की मामा.”

खोली ३१, १४२ वॅट, दहा मिनिटं पूर्ण, ८९ अंश. वॅटमागे ०.४१. पॅनल बंद ठेवून, कूलर तोच, पंखा तोच. शून्य खर्चाच्या पुठ्ठ्याने ०.४८ चे ०.४१ केले. तांब्यावर पैसे घातले असते आणि फट तशीच राहिली असती, तर गरम हवाच तांब्यातून फिरली असती.

म्हणून लहान केसवाल्यांना एकच विचारतो: कूलर निवडताना उंचीचा तक्ता बघता तसा त्याच्या तोंडाशी किती फट उरते तेही मोजता का? तीन मिमी उरली तर पंखा जाळीवर चढून आवाज करतो, दहा उरली तर कुंपण लागतं.

२५ एप्रिल

दुपारी खोली ३४ ला जाते. १४२ वर ९२ अंश, आणि पंखा ऐकू येतो. कोल्हापूरला मोठ्या टॉवर कूलरखाली, २३० वॅट मोकळे असताना, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या माझ्या एका सीनला ११ मिनिटं २० सेकंद लागले होते. माझ्याकडे १४२ वर ११:५०. ८८ वर १३:१०. शेवटच्या ८८ वॅटांनी जेमतेम अर्धं मिनिट मिळतं हे बघून २३० चं वेड उतरलं. उन्हाळ्यापुरते हाताने १२० वॅट टाकले. १२:१५, ८३ अंश, पंखा नरम.

कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोरांचं व्होल्टेज कमी करायची बायोसमधली सोय, सगळ्या कोरांना उणे २० करून बघितला. सिनेबेंच तासभर चालला, ब्लेंडर चालला, आणि रात्री लग्नाचे फोटो कॉपी करताना मशीन आपसूक रिस्टार्ट. हा दोष बहुतेक वेळा हलक्या कामात बाहेर पडतो, तेव्हा भारी चाचणी पास झाली म्हणून गाफील राहू नका. उणे १२ वर आणलं. तेव्हापासून काही नाही.

१० मे

तीन आठवड्यांत ६ अंश चढले. पेस्ट वाळली असणार म्हणून पॅनल काढला तर आत पात्यांच्या तोंडावर हिरवी लव, पातळ नमद्यासारखी, बोटाने उचलली तर एकसंध निघाली. मामांच्या मागावर गेले पंधरा दिवस हिरवी साडी आहे. कुंपणाचा हाही एक परिणाम: पूर्वी चार बाजूंनी येणारी हवा आता एकाच वाटेने येते, तिच्याबरोबर सगळी लवही तिथेच.

पॅनलला आतून नायलॉनच्या पायमोज्याचं कापड ताणून लावलं. २ अंशांचा भुर्दंड बसतो, पण दर रविवारी काढून झटकता येतं.

२४ मे

वळीव पडला आणि पुठ्ठ्याचा एक कोपरा मऊ पडून पंख्याकडे वाकला. मिरगाच्या आत काहीतरी पक्कं करायला हवं, आमच्या पावसात पुठ्ठा टिकायचा नाही. उद्यमबागेत गॅस्केट कापून देणाऱ्याकडे १० मिमीचा फोम आणि आकृती घेऊन गेलो. आत ११६ चं गोल, बाहेर १२० चा चौकोन. त्याने आकृती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “कुठल्या पंपाचं हे?”

गुरुवारी मिळेल म्हणालाय.