"स्लो वाढवून देऊ का ताई?"

जुनी डिझेल गाडी सिग्नलला थरथरायला लागली की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला. स्लो म्हणजे आयडल, रेस न देता उभ्या गाडीचं इंजिन ज्या स्पीडने फिरतं तो. आणि आपण हो म्हणायच्या आत माणूस बॉनेटमध्ये वाकलेला असतो, एका हातात पाना, एका हातात स्क्रू ड्रायव्हर, लॉक नट सैल, स्क्रू अर्धा आटा आत, डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा थांबला, झालं काम, शंभर रुपये द्या. माझं म्हणणं एवढंच की तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो, आणि इथे सगळे सुरुवातच त्याच्यापासून करतात.

मी बोलतेय त्या कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल सिस्टिम) आधीच्या गाड्या, रोटरी पंपवाल्या, म्हणजे डिझेल मोजून सोडणारा पंप पूर्ण मेकॅनिकल असलेल्या. १९९८ च्या शेवटी आलेली आपल्या पिंपरीची इंडिका, १४०५ सीसी, किंवा मारुतीने झेनमध्ये टाकलेलं प्यूजोचं १५२७ सीसी इंजिन, तो काळ. नंतरच्या गाड्यांत आयडल ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, तिथे फिरवायला स्क्रूच नाही.

आता डिझेलमध्ये गंमत अशी की पेट्रोलसारखी हवा अडवून स्पीड कमी-जास्त करत नाहीत, इंजिन ओढेल तेवढी हवा आत जाते आणि डिझेल किती सोडायचं ते पंप ठरवतो. पंपाच्या पोटात गव्हर्नर असतो, छोटी वजनं गरगर फिरतात, स्पीड वाढला की बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी करतात, स्पीड पडला की स्प्रिंग त्यांना मागे रेटते आणि डिझेल वाढतं. पाय काढल्यावर रेसचा लिव्हर जिथे येऊन टेकतो तो आयडलचा स्क्रू. म्हणजे आपण फक्त कुठे टेकायचं ते सांगतो, बाकी सांभाळणं गव्हर्नरचं काम आहे, आणि त्याला सांभाळता येत नसेल तर कारण दुसरीकडे कुठेतरी असतं ना.

बाबांच्या गाडीचं तेच होतं. स्टिअरिंग हातात झिणझिणायचं, आरसा असा थरथरायचा की मागचा टेम्पो आहे का बस तेच कळायचं नाही. आमच्या मॉडेलला आरपीएम मीटर नाही, आणि स्पार्क प्लग नसल्याने पेट्रोल गाडीचं वायरला लावायचं मीटर पण इथे बिनकामाचं. म्हणून लेझरवाला टॅकोमीटर मागवला, इंजिन बंद असताना क्रँक पुलीवर चमकणाऱ्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवला, कात्रजपर्यंत चक्कर मारून इंजिन नीट गरम केलं, एसी बंद, लाईट बंद, रेडिएटरचा पंखा थांबेपर्यंत थांबले आणि मग रीडिंग घेतलं. ७८० च्या आसपास. या छोट्या डिझेलांचं आयडल साधारण ८०० ते ९०० असतं (तुमच्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, माझ्यावर जाऊ नका), म्हणजे जरासं कमी होतं, पण दात वाजतील एवढं नक्कीच नाही. टॉर्च मारून पाहिलं तर इंजिन माउंटिंगचं (इंजिन ज्यावर बसतं त्या आधाराचं) रबर चिरा पडून पार बसलेलं, धातूवर धातू. नवीन माउंटिंग नाना पेठेतून आणलं, बसवलं, स्क्रूला हात न लावता निम्म्याहून जास्त थरथर गेली. स्लो वाढवला असता तर थरथर नुसती लपली असती, रबराची तक्रार तशीच राहिली असती.

माउंटिंग ठीक असेल तर पुढे बघायचं. आरपीएम सारखा वर-खाली होत असेल तर बहुतेक वेळा डिझेल लाईन कुठूनतरी हवा घेतेय. फिल्टर आणि पंपाच्या मधे थोडा वेळ पारदर्शक नळी लावा, एकामागोमाग एक बुडबुडे जाताना चक्क दिसतात. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) किंवा बँजो बोल्टचे (डिझेलच्या नळ्या जोडणारे पोकळ बोल्ट) वॉशर, इथेच असतं बहुतेक. एकच सिलिंडर मिसिंग असेल, म्हणजे नीट पेटत नसेल, तर मिस्त्री चालू इंजिनवर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाईपचा नट सैल करतात, ज्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर सुस्त. हे घरी करू नका प्लीज, तो फवारा कातडीतून आत जातो, सरळ ऑपरेशन होतं. नोझल पंपवाल्याकडे टेस्टरवर लावून बघा, फवारा बारीक पडतोय का नुसतं टपटपतंय ते समोर दिसतं.

एसी लावल्यावरच स्पीड पडतो? तरी स्क्रू नको. बऱ्याच गाड्यांत एसीसाठी वेगळा व्हॅक्यूमवाला डायफ्राम असतो जो लिव्हर जरा ओढून धरतो, त्याची नळी फाटली किंवा निसटली की हा प्रकार.

आणि पंपावर जो सील केलेला स्क्रू दिसतो त्याच्या वाटेला जायचंच नाही. तो फुल लोडचा, जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा, "पिकअप वाढवतो" म्हणून फिरवणारे महाभाग आहेत, मग मागून काळा धूर. डिझेलची पीयूसी आयडलवर होत नाही, फुल रेस देऊन धूर मोजतात, बीएस ४ च्या आधीच्या गाडीला ६५ एचएसयूची (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) मर्यादा आहे, तिथे स्लो कमी करून काही वाचत नाही.

स्लो जास्त ठेवण्याचा एक फायदा मात्र मी मान्य करते, नवले पुलाच्या जाममध्ये नुसत्या क्लचवर गाडी सरकते. पण मग रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं, घाटात उतरताना इंजिन ब्रेक नीट लागत नाही आणि डिझेल फुकट जळतं. फार कमी ठेवला तर ऑईलचा नाहीतर बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागतो.

एवढं सगळं झाल्यावर मी स्क्रू फिरवला, ८५० वर आणला. आधी रेसची केबल सैल आहे ना ते बघायचं, ताणलेली असेल तर लिव्हर स्क्रूवर टेकतच नाही आणि आपण उगाच फिरवत बसतो. पाव आट्याने सुद्धा चांगलाच फरक पडतो म्हणून जरा जरा फिरवायचा, मधे एकदा रेस देऊन सोडायची आणि परत रीडिंग घ्यायचं. लॉक नट आवळताना स्क्रू पण सोबत फिरतो, म्हणून स्क्रू धरून नट आवळायचा आणि वर आणखी एकदा मोजायचं. सकाळी थंड इंजिन पहिलं मिनिटभर अडखळून पांढरा धूर सोडत असेल तर ते हीटर प्लगचं (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे प्लग) काम, स्लोचं नाही. आमचे दोन गेलेत, या रविवारी बदलणार आहे.